गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ की ३,६११? देशाच्या जमिनीचा दशकवार तक्ता लावताना

तेरेखोलकाठ

नमस्कार मंडळी. हायस्कुलाच्या भूगोल दालनासाठी मराठीत एक भिंततक्ता करायचा आहे. १९६१पासून दर दहा वर्षांनी भारताचं क्षेत्रफळ, आणि शेजारच्या रकान्यात गोव्याचं. पण आकडेच जुळत नाहीत.

भारतासाठी पाच आकडे मिळाले, सगळे चौ. किमीमध्ये: ३२,८०,४८३, ३२,८७,७८२, ३२,८७,२६३, ३१,६६,४१४ आणि २९,७३,१९०. गोव्यासाठी ३,८१४, ३,७०२, ३,६११ आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इंग्रजी कोशातले १,३०१ चौरस मैल, म्हणजे ३,३७० चौ. किमी.

खात्री करावी म्हणून गोव्याच्या हद्दीची फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत उघडून क्षेत्रफळ काढलं, तर ते ४,०००वर गेलं. तेव्हा विचारायचं ते असं: कोणत्या ओळीत कोणता आकडा घ्यावा? संगणकाचा आकडा एवढा का फुगला? आणि समुद्राने खाल्लेली किंवा भर पडून वाढलेली जमीन अशा तक्त्यात दाखवता येते का?

खुणेचा दगड

आधी भारताचे पाच आकडे सोडवू. गोव्याचा गुंता त्याच धाग्याने सुटतो.

३२,८०,४८३ हा १९७१च्या जनगणनेतला. १९७५ साली सिक्कीम भारतात आलं आणि तेव्हा त्याचं क्षेत्रफळ ७,२९९ धरत असत. बेरीज करून बघा, बरोबर ३२,८७,७८२ येते. जुन्या पाठ्यपुस्तकांतला आकडा तो हाच. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या महासर्वेक्षकांनी ३१ मार्च १९८२ रोजीच्या स्थितीचे सुधारित आकडे दिले. त्यात सिक्कीम ७,०९६ झालं आणि देश ३२,८७,२६३. तेव्हापासून आजतागायत हाच आकडा छापला जातो. ५१९ चौ. किमीची ही घट नकाशावर शोधू नका, कारण तेवढी जमीन कुठे गेलेली नाही. २०३ एकट्या सिक्कीमच्या मोजणीत सुधारले, उरलेले ३१६ इतर राज्यांच्या दुरुस्त्यांत.

३१,६६,४१४ कसा येतो? ३२,८७,२६३मधून पाकिस्तानच्या ताब्यातले ७८,११४, पाकिस्तानने चीनला दिलेले ५,१८० आणि चीनच्या ताब्यातले ३७,५५५ वजा करा. तिथल्या लोकांची गणना होत नाही, म्हणून घनता काढताना ती जमीनही धरत नाहीत. २०११ची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७ भागिले ३१,६६,४१४, म्हणजे दर चौ. किमी ३८२. पुस्तकात छापलेली घनता हीच. तुम्ही पूर्ण क्षेत्रफळाने भागलंत तर ३६८ येईल, आणि तक्ता चुकला म्हणून कोणीतरी बोट दाखवेल.

२९,७३,१९० ही वेगळीच जात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि तिच्यावरून जागतिक बँक जे देतात ते हे ‘भूक्षेत्र’. एकूण क्षेत्रफळातून मोठ्या नद्या, तलाव आणि जलाशय काढून उरलेली जमीन. भारतासाठी ही वजाबाकी ३,१४,०७० चौ. किमी आहे. या मालिकेत १९६१पासून दरवर्षी हाच एक आकडा भरलेला दिसतो. १९६१च्या गणनेचा दिवस १ मार्च. तेव्हा गोवा भारतात नव्हता, सिक्कीमही नव्हतं. तरी आकडा तोच, कारण आजची हद्द मागे नेऊन लावली आहे. ही पद्धत चूक म्हणता येत नाही, दर हेक्टरी धान्य काढायला ती सोयीची पडते. पण ‘१९६१ साली भारत केवढा होता’ या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. भूक्षेत्राचा आकडा आणि एकूण क्षेत्रफळाचा आकडा एकाच रकान्यात तर मुळीच लिहू नका. ३ लाख चौ. किमीची खोटी दरी पडते.

आता गोवा. ३,८१४ हा गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाचा: गोवा ३,७०२, दमण ७२, दीव ४०. ३० मे १९८७ला गोवा घटक राज्य झाला आणि दमण-दीव वेगळे राहिले. म्हणून १९७१ आणि १९८१च्या ओळींत जुन्या छापील तक्त्यांत तिन्हींची बेरीज असते, १९९१पासून नुसता गोवा. गोव्याची जमीन इंचभरही हलली नाही.

३,६११ मात्र शेतीच्या आकडेवारीतून येतो. तिथे तो हेक्टरमध्ये असतो: ३,६१,११३. हे ‘नोंद क्षेत्र’, म्हणजे ज्या जमिनीचा वापर (जंगल, लागवड, पडीक, बिगरशेती) महसुली नोंदीत वर्ग करून लिहिला आहे तेवढीच. ३,७०२ हे भौगोलिक क्षेत्र. दोहोंत ९१ चौ. किमीचा फरक आहे. जंगलाची किंवा लागवडीची टक्केवारी देताना खाली कोणता भाजक घेतला ते लिहायलाच हवं. घनतेतही फरक पडतो: २०११चे १४,५८,५४५ लोक ३,७०२ने भागले तर ३९४, ३,६११ने भागले तर ४०४. जनगणनेचा आकडा ३९४ आहे.

राहिले १,३०१ चौरस मैल. तुमचं रूपांतर बरोबर आहे, तरी तक्त्यात घेऊ नका. पेडणे १७८८ला पोर्तुगीजांकडे आल्यावर नव्या काबिजादींची, म्हणजे त्यांनी नंतर मिळवलेल्या मुलखाची, सीमा जवळपास आजच्या जागी आली होती. त्यामुळे ३,३७० आणि ३,७०२ यांच्यातला फरक सीमेचा नव्हे, मोजणीचा आहे. हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले तर मुलांना वाटेल गोव्याने शतकभरात ३३२ चौ. किमी जमीन कमावली. ते तिसवाडी तालुक्याहून जास्त होईल!

सत्तरीची वाट

एक शंका मध्येच. २०१५ला बांगलादेशाबरोबर एन्क्लेव्हची, म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेल्या तुकड्यांची, अदलाबदल झाली. मग ३२,८७,२६३ कमी कसा झाला नाही?

खुणेचा दगड

रास्त शंका. ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री भारताचे १११ एन्क्लेव्ह, १७,१६०.६३ एकर, बांगलादेशाकडे गेले आणि त्यांचे ५१, ७,११०.०२ एकर, आपल्याकडे आले. शिवाय ‘प्रतिकूल ताब्या’तल्या, म्हणजे एकाच्या हद्दीत पण दुसऱ्याच्या ताब्यात असलेल्या, जमिनींचा हिशेब: २,७७७.०३८ एकर मिळाले, २,२६७.६८२ एकर दिले. एकराला ०.००४०४६८६ने गुणा. पहिल्या खात्यात ४०.७ चौ. किमी उणे, दुसऱ्यात २.१ अधिक, निव्वळ सुमारे ३८.६ चौ. किमी उणे. देशाच्या आकड्यात हे ०.००१ टक्क्याच्या आसपास.

एकूण आकडा एखाद्या करारानंतर लगेच हाताने वजा करून बदलत नाहीत, महासर्वेक्षक नवी मोजणी प्रसिद्ध करतात तेव्हा तो बदलतो. म्हणून तेरेखोलकाठ, २०२१च्या ओळीत ३२,८७,२६३च लिहा आणि खाली टीप द्या: ‘१९८२च्या स्थितीनुसार, २०१५ची अदलाबदल धरलेली नाही.’ स्वतः वजाबाकी करून ३२,८७,२२४ असा आकडा छापू नका. तो कुठल्याच अधिकृत कागदावर नाही.

राखणदार

क्यूजीआयएसचा घोळ माझ्याकडे. ४,०००च्या वर म्हणजे खऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त. हे वेब मर्केटर या प्रक्षेपणाचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या एका पद्धतीचं, काम. त्याचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३८५७. इंटरनेटवरचे बहुतेक पार्श्वनकाशे याच प्रक्षेपणात असतात. पार्श्वनकाशा आधी उघडला की प्रकल्पाला तेच चिकटतं, आणि मग फाइल त्यातच जतन होते. मर्केटर विषुववृत्तापासून दूर जाल तसा ताणत जातो. गोव्याच्या १५ अंश अक्षांशावर लांबीत ४ टक्के, क्षेत्रफळात त्याच्या दुप्पट. काश्मीरच्या ३४ अंशांवर तर निम्म्याच्या जवळ जास्त भरतं. म्हणजे भारताची राज्यं अशी मोजली तर प्रत्येकाची चूक वेगळी, आणि एकाच गुणकाने ती सुधारता येत नाही.

दुरुस्ती अशी करा. थर, म्हणजे हद्दीची फाइल, निर्यात करून ईपीएसजी ४३२६मध्ये, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशात ठेवा. प्रकल्पाच्या गुणधर्मांत ‘सामान्य’ पानावर लंबगोल (पृथ्वीचा गणिती आकार) म्हणून डब्ल्यूजीएस ८४ निवडा आणि क्षेत्रफळाचं एकक चौ. किमी करा. मग फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचं चिन्ह असलेलं ‘एरिया’ वापरा. ते लंबगोलावर मोजतं, प्रक्षेपण काहीही असो. कंसात भूमिती घेणारं, डॉलर नसलेलं ‘एरिया’ फंक्शन सपाट कागदावर मोजतं, थर ज्या प्रक्षेपणात आहे त्यात. थर अक्षांश-रेखांशात असेल तर ते ‘चौरस अंश’ देतं आणि गोव्यासाठी ०.३च्या आसपासचा निरर्थक आकडा दिसतो. नव्या माणसाची सगळ्यात नेहमीची चूक हीच.

‘यूटीएम वापरा’ असं बरेच जण सांगतात. पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक वेगळा उतरवणारं ते प्रक्षेपण. गोवा पट्टा ४३मध्ये येतो (ईपीएसजी ३२६४३) आणि एवढ्याशा राज्याला ते चालतं. तरी पट्ट्याच्या मध्यरेषेवर, ७५ अंश पूर्वेला, मापक ०.९९९६ असतो, ७४ अंशांवर थोडा वाढून ०.९९९७४. वर्ग केला की क्षेत्रफळ ०.०५ टक्क्याने कमी भरतं. गोव्यात ते २ चौ. किमीपेक्षा किंचित कमी. देश मोजायला यूटीएम घेऊच नका, भारत सहा पट्ट्यांवर पसरला आहे. तिथे क्षेत्रफळ न बिघडवणारं, समक्षेत्र प्रक्षेपण हवं, अल्बर्स किंवा ईपीएसजी ६९३३चं दंडगोल जाळं.

प्रक्षेपण सुटलं की भूमिती तपासा. आधी ‘भूमिती दुरुस्त करा’ चालवा. मग तालुक्यांचा थर विलीन करून एक बहुभुज बनवा आणि त्याचं क्षेत्रफळ तालुक्यांच्या बेरजेशी ताडा. बेरीज जास्त आली तर तालुके एकमेकांवर चढलेत किंवा एखादा दोनदा आलाय. विलीन केल्यावर मध्ये बारीक चिंध्यांसारख्या फटी राहिल्या तर शेजारच्या दोन हद्दी वेगवेगळ्या हातांनी काढल्या आहेत. आणि हो, २०११च्या जनगणनेत ११ तालुके आहेत, आज १२. धारबांदोडा सांग्यातून वेगळा झाला. जुना थर आणि नवी यादी जोडली तर धारबांदोडा रिकामा आणि सांगे फुगलेला दिसतो.

शेवटची गोष्ट, फाइल कुठली ते पाहा. काही खुल्या नकाशांत राज्याची हद्द पुळणीवर न थांबता १२ सागरी मैल समुद्रात जाते. गोव्यापुढे तो पट्टा २,०००हून जास्त चौ. किमी होतो. आकडा ६,००० दिसला तर समजा समुद्र मोजला. जगाच्या छोट्या प्रमाणाच्या नकाशांत उलट होतं. १ सेंमीला १०० किमी असलेल्या नकाशात मांडवी-जुवारीची मुखं बुजतात, चोडण-दिवाडी ही बेटं मुख्य भूमीला चिकटतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा प्रशासकीय हद्दींचा संच ऑनलाइन मिळतो, तो घ्या.

तेरेखोलकाठ

देव बरें करूं, राखणदार. प्रक्षेपण बदलल्यावर आकडा ताळ्यावर आला, आणि यूटीएम व लंबगोल यांत तुम्ही म्हणता तेवढाच दोनेक चौ. किमीचा फरक पडला.

आता कागदाचं विचारतो. सर्वेक्षण विभागाचे १:५०,०००चे जुने नकाशे शाळेत आहेत. मुलांकडून त्यांवर हाताने मोजणी करून घ्यावी असं मनात आहे. ती कितपत खरी येते?

खुणेचा दगड

जरूर करून घ्या, मोजणी म्हणजे काय ते त्यातच कळतं. फक्त कागद आधी मोजा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि फुगतो, तेही दोन्ही दिशांना सारखा नाही. १५ मिनिटं बाय १५ मिनिटांच्या पत्रकाची चौकट गोव्याच्या अक्षांशावर उभी सुमारे ५५.३ सेंमी, आडवी सुमारे ५३.७ सेंमी असायला हवी. लाकडी नव्हे, स्टीलची पट्टी घ्या आणि चारही बाजू मोजा. उभी ५५.६ भरली तर लांबी अर्ध्या टक्क्याने वाढली. आडवीही तेवढीच वाढली असेल तर क्षेत्रफळ १.१ टक्क्याने जास्त येणार. एका पत्रकात सुमारे ७४३ चौ. किमी मावतात, म्हणजे चूक ८ चौ. किमीची. म्हणून प्रत्येक पत्रकाला स्वतःचा गुणक द्या: खरी उभी गुणिले खरी आडवी, भागिले मोजलेली उभी गुणिले मोजलेली आडवी.

मोजायचं ते पारदर्शक आलेखकागदाने. या प्रमाणात १ सेंमी म्हणजे ५०० मीटर, तेव्हा १ चौ. सेंमी म्हणजे ०.२५ चौ. किमी, आणि २ मिमीचा चौकोन म्हणजे १ हेक्टर. पूर्ण चौकोन मोजा. अर्धवट चौकोनांत निम्म्याहून जास्त भाग आत असेल तर १, नाहीतर ०. आलेखकागद तिरपा करून तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. तीन मोजण्यांतला फरक हीच तुमची चूक, ती आकड्यापुढे लिहा. प्लॅनिमीटर, म्हणजे हद्दीवरून फिरवून क्षेत्रफळ मोजायचं यंत्र, मिळाला तर उत्तमच. पण तो आधी पत्रकावरच्या जाळीच्या एका चौकोनाभोवती फिरवून त्याचा स्थिरांक काढा, पेटीवर लिहिलेल्या स्थिरांकावर विसंबू नका.

आणखी एक खड्डा. जुनी पत्रकं एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत, उपग्रहाचं सगळं डब्ल्यूजीएस ८४वर. दोहोंचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे जुळवले तर गोव्यात नकाशा शंभरएक मीटर सरकतो. नुसतं क्षेत्रफळ काढाल तर बिघडत नाही, आकार तोच राहतो. जुन्या किनाऱ्यावर नवा किनारा ठेवलात की मात्र १०० किमी लांबीवर १०० मीटर, म्हणजे १० चौ. किमी जमीन ‘समुद्राने खाल्ली’ किंवा ‘समुद्रातून वर आली’ असं दिसतं. खरं-खोटं ओळखायची खूण सोपी आहे. पूर्वेकडच्या पक्क्या सीमेवर, घाटमाथ्यावर, तसाच पट्टा दिसतो का ते पाहा. तिथेही दिसला तर नकाशा सरकलाय.

मानशीकडे

समुद्राच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून जाईल म्हणून लिहिते. आपल्याकडे हा मोजणीचा सगळ्यात अवघड भाग आहे.

लांबी आणि क्षेत्रफळ यांत गल्लत नको. गोव्याचा किनारा पर्यटनाच्या पुस्तकांत १०५ किमी असतो. केंद्राच्या जुन्या यादीत तो १६०.५ होता, नव्या यादीत १९३.९५ आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८चे उपग्रहफोटो तपासताना १३९.६४ किमी धरला. देशाचा किनाराही असाच ७,५१६.६वरून ११,०९८.८१ झाला, कारण जुनी मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी १:२,५०,०००ची. प्रमाण मोठं केलं की प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण मोजात येतं आणि लांबी वाढतच जाते. क्षेत्रफळाचं तसं नाही. एका वळणाला जमीन बाहेर येते, दुसऱ्याला आत जाते, आणि प्रमाण वाढवत नेलं की आकडा एका जागी स्थिरावतो. म्हणून ‘किनारा ३३ किमीने वाढला’ या बातमीवरून क्षेत्रफळाच्या रकान्याला हात लावू नका.

आता खरा बदल. त्याच केंद्राच्या मोजणीत गोव्याचा २६.८२ किमी किनारा, म्हणजे १९.२ टक्के, धूप होणारा निघाला. त्यावरून चौ. किमी काढायचे तर असं करावं लागेल. १९८४पासून लँडसॅटचे ३० मीटरचे फोटो मिळतात, २०१५पासून सेंटिनेल-२चे १० मीटरचे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सोडून द्या. पावसाळ्यात पुळण खचते आणि उन्हाळ्यापर्यंत परत भरते, म्हणून दरवर्षी एकाच महिन्याचे फोटो घ्या. फेब्रुवारी-मार्च बरा. लँडसॅट ७च्या ३१ मे २००३नंतरच्या फोटोंत तिरप्या काळ्या पट्ट्या आहेत, ते वगळा. पाणी वेगळं करायला फोटोच्या प्रत्येक पिक्सेलसाठी हिरव्या प्रकाशाचा पट्टा वजा लघु-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचा पट्टा, भागिले दोहोंची बेरीज. शून्याच्या वर साधारण पाणी. पण उंबरठा प्रत्येक फोटोसाठी आलेख पाहून ठरवा, सगळ्यांना डोळे मिटून शून्य लावू नका.

यानंतर येते भरती. उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास वरून जातो, आणि त्या वेळी मुरगावला पाणी कधी चढलेलं असतं, कधी उतरलेलं. उधाणाला दोन्हींत सुमारे २ मीटरचा फरक पडतो. पुळणीचा उतार ३०ला १ धरा: २ मीटर पाणी म्हणजे ६० मीटर पुळण, फोटोतले दोन पिक्सेल. असा उतार १०० किमीभर असता तर एका सकाळीत ६ चौ. किमी जमीन गेली आणि संध्याकाळी परत आली! म्हणून मुरगावच्या भरतीच्या कोष्टकातून प्रत्येक फोटोच्या वेळची पातळी काढा आणि सरासरी समुद्रपातळीच्या ३० सेंमी वर-खालीच असलेले फोटो ठेवा. पन्नासातले आठ-दहा उरतील. तेवढे पुरे.

चूकही मोजा. किनाऱ्यावर अर्ध्या पिक्सेलची शंका कायम राहते: १५ मीटर गुणिले १४० किमी, २.१ चौ. किमी. निघालेला बदल याच्या आत असेल तर ‘बदल दिसत नाही’ असं लिहायचं.

आणि मग खाजनं. नदीकाठची ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. बांध आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची, दारं पाणी अडवतात म्हणून ती जमीन आहे. बांध फुटला की फोटोत ती पाणी दिसतात. पाचसात वर्षांनी तिथे खारफुटी माजते आणि तीच जागा पुन्हा हिरवी, म्हणून ‘जमीन’ होते. पुळणीवर रेतीचा कण हलला नसताना मालिकेत जमीन गेली आणि आली. मिठागरांचंही तेच: फेब्रुवारीत आगरात पाणी, मे महिन्यात पांढरी कोरडी. यावर उपाय एकच, नियम आधी लिहून ठेवायचा. माझं मत असं की बांधाच्या आतलं सगळं जमीन धरावं, ओलं असो वा कोरडं, आणि बांध फुटून भरतीचं पाणी दरवर्षी आत येत राहिलं तरच पाण्यात टाकावं. खारफुटी जमिनीतच. खाजनांची रेषा फोटोवरून काढू नका, बांधावरून काढा.

देशाच्या भूक्षेत्राच्या व्याख्येचं उदाहरण हवं असेल तर साळावली दाखवा. धरण झालं, कुर्डी गाव पाण्याखाली गेलं. पूर्ण भरल्यावर जलाशय २४ चौ. किमीच्या आसपास पसरतो. गोव्याचं एकूण क्षेत्रफळ ३,७०२ होतं ते ३,७०२च. भूक्षेत्र मात्र जलाशयाएवढं कमी झालं. मे महिन्यात पाणी ओसरून कुर्डीचे चौथरे उघडे पडतात, तेव्हाही तो हिशेब बदलायचा नाही, कारण जलाशय पूर्ण पातळीला मोजतात.

सत्तरीची वाट

एवढं सगळं मुलांना सांगायचं कशाला? सगळ्या ओळींत ३,७०२ आणि ३२,८७,२६३ लिहून मोकळं व्हावं असं मला वाटतं.

राखणदार

तसं केलंत तर १९६१ आणि १९७१च्या ओळी सरळ खोट्या ठरतात. १९६१च्या गणनेला गोवा पोर्तुगीजांकडे होता. मुलांच्या घरी ते दिवस पाहिलेले आजी-आजोबा आहेत.

दुसऱ्या देशांचं पाहा. जुलै २०११ला दक्षिण सुदान वेगळा झाला. त्याआधी सुदान २५,०५,८१३ चौ. किमीचा, आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश होता. दोन्ही ओळींत आजचा आकडा लिहिला तर ही घटनाच पुसली जाते. सिंगापूर ५८१.५वरून समुद्रात भराव घालत ७३५च्या आसपास गेला, ती खरी वाढ. अमेरिका मात्र एका अमेरिकन संदर्भग्रंथात ९३,७२,६१०वरून ९६,२९,०९१ झाली ती १९९७ साली सरोवरं आणि किनाऱ्याचं पाणी हिशेबात धरल्यामुळे, एक वीतभर जमीन न वाढता. तिन्हींत आकडा बदलला, पण कारणं वेगळी आहेत. सीमा, भराव आणि व्याख्या.

तेव्हा तक्त्याला एक रकाना वाढवा, ‘बदलाचं कारण’. त्यात चारच शब्द वापरा: सीमा, फेरमोजणी, व्याख्या, जमीन. आणि दोन ओळींच्या मधली वर्षं सरासरीने भरू नका. क्षेत्रफळ लोकसंख्येसारखं दरवर्षी थोडंथोडं वाढत नाही. १९ डिसेंबर १९६१ला, १९७५ला, ३० मे १९८७ला ते पायरीसारखं उडी मारतं. आलेख काढणार असाल तर बिंदू तिरप्या रेषेने जोडू नका, पायऱ्या काढा.

तेरेखोलकाठ

मंडळी, गोव्याचा रकाना असा लावतो, बघा पटतो का.

१९६१: भारतात नाही (१ मार्चची स्थिती). १९७१: ३,७०२, संघप्रदेश दमण-दीवसह, कारण: सीमा. १९८१: तोच, बदल नाही. १९९१: ३,७०२, घटक राज्य, दमण-दीव वेगळे, कारण: सीमा. २००१ आणि २०११: ३,७०२. खाली वेगळ्या चौकटीत नोंद क्षेत्र ३,६११ आणि साळावली. भारताच्या रकान्यात १९८१ला ३२,८७,२६३, कारणं दोन: सिक्कीमची सीमा आणि १९८२ची फेरमोजणी.

खुणेचा दगड

एक दुरुस्ती. १९७१ आणि १९८१ला ३,७०२ लिहून पुढे ‘दमण-दीवसह’ म्हणू नका, तसा तो ३,८१४ होतो. एकतर नुसता गोवा सगळीकडे ३,७०२ ठेवा आणि प्रशासकीय एककाचा वेगळा रकाना करा, नाहीतर त्या दोन ओळींत ३,८१४ लिहा. पहिलं बरं, मुलांना गोव्याची जमीन न बदलता राहिलेली दिसते. बाकी बिनचूक.

मानशीकडे

आणि मोजणीच्या फाइलीत दोन जागा हाताने तपासा. एक तुमचाच तेरेखोल: किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर तीरावर, म्हणून हद्द नदीच्या मध्याने कापली तर तो तुकडा महाराष्ट्रात जातो. दुसरी अंजदीव. बेट आहे कारवारसमोर, पण गोव्याचं, सुमारे दीड चौ. किमी. मुख्य भूमीचा सगळ्यात मोठा बहुभुज तेवढा ठेवून बाकीचे तुकडे ‘कचरा’ म्हणून पुसायची सवय असते, त्यात पहिलं तेच जातं.